सहल न्या, पण कामाच्या दिवशी

कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करायचं तर सकाळी लवकर पोहोचावंच लागतं. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सकाळी पाणी सुटतं आणि ते वाहून जाईपर्यंतच राफ्ट सोडता येतात. म्हणून पुण्याहून ताम्हिणीमार्गे निघणाऱ्या ऑफिसच्या बसगाड्या पहाटे साडेचारलाच चांदणी चौकात उभ्या असतात. 2018 च्या जुलैमध्ये एका शनिवारी अशाच एका बसच्या दारात मी हातात यादी घेऊन उभी होते. आमच्या आयटी कंपनीत टीम लीड म्हणून सहलीची सगळी जुळवाजुळव माझ्याकडे होती. यादीत 11 नावं होती. माझी टीम 14 जणांची होती.

उरलेले तिघं थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे एजन्सीमार्फत कंत्राटावर होते. एचआरकडून आलेल्या शीटवर स्पष्ट लिहिलं होतं, दरडोई 1800 रुपये, फक्त कंपनीच्या पेरोलवरच्यांसाठी. मी ते वाचलं आणि पुढच्या कामाला लागले. त्या तिघांतला एक खानदेशातला मुलगा टेस्टिंगला होता. शुक्रवारी संध्याकाळी मी त्याला सांगितलं, उद्या सपोर्टला तू बस, काही येणार नाही, नुसतं लक्ष ठेव. "चालेल मॅडम" म्हणाला. दुपारी आम्ही तांदळाच्या भाकरीवर ताव मारत असताना त्याचा फोन आला. रात्री आपोआप चालणारा प्रोग्राम, म्हणजे जॉब, फेल झाला होता, क्लायंटचा रिपोर्ट अडकला होता. तिथे रेंज येत-जात होती, मी काहीतरी अर्धवट सांगितलं आणि फोन कटला. पाऊण तासाने मेसेज आला: "झालंय मॅडम. तुम्ही एन्जॉय करा."

सोमवारी फोटो प्रिंट होऊन पँट्रीबाहेरच्या बोर्डावर लागले. लाइफ जॅकेट घातलेले 11 जण आणि वर रंगीत कागदावर "वन टीम". तो बाटली भरायला आला, बोर्डापुढे थांबला, एकेक फोटो नीट पाहिला आणि मला म्हणाला, "मस्त जागा आहे मॅडम. पाणी किती आहे!" त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. इथे तक्रार करण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलंच नव्हतं. हेच मला जास्त लागलं.

तेव्हापासून टीम आऊटिंग या प्रकाराकडे मी वेगळ्या नजरेने बघते आहे. आज माझं म्हणणं सरळ आहे. कंपनीने सहल न्यावी, अवश्य न्यावी. पण ती कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात न्यावी, शेजारी बसून तेच काम करणाऱ्या प्रत्येकाला न्यावी आणि जो येणार नाही त्याला कारण विचारू नये. आणि सहल नेली म्हणजे टीम घडली, असं कुणी समजू नये.

मी सहलींच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. 2004 साली नोकरीला लागले त्या वर्षी आमची कंपनी आम्हाला अलिबागला घेऊन गेली होती. आमच्यातली एक मुलगी लातूरची. तिने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्या दिवशी. चपला हातात धरून ती घोटाभर पाण्यात तासभर उभी होती, कुणी बोलावलं तरी येईना. वाकड-हिंजवडीच्या पीजीत तिघींच्यात एक खोली, शहरात ओळखीचं कुणी नाही, घरी फोन केला तर आईला "सगळं छान आहे" एवढंच सांगायचं, अशा दिवसांत ऑफिसची सहल ही खरोखर मोठी गोष्ट असते. बाविसाव्या वर्षी नांदेड-परभणीहून आलेल्या मुलाला पुण्यात पहिले मित्र बहुतेकदा अशा बसमध्येच मिळतात. मार्च 2020 नंतर तर दोन-दोन वर्षं एकमेकांचे चेहरे फक्त स्क्रीनवर पाहिलेल्या टीम होत्या. अशा लोकांनी एकत्र जेवावं, हसावं यात गैर काय असणार? सहलीला "फालतूपणा" म्हणून मोडीत काढणाऱ्यांशी माझं पटत नाही ते यामुळेच.

पण मग ही इतकी चांगली गोष्ट शनिवारीच का असते?

आयटी सर्व्हिसेसमध्ये काम करणाऱ्या कुणालाही याचं उत्तर ठाऊक असतं. आपली कंपनी क्लायंटला माणसाचे तास विकते. टाइमशीटमध्ये, म्हणजे तासांच्या नोंदीत, बिलेबल (ज्याचे क्लायंट पैसे देतो) आणि नॉन-बिलेबल असे दोन रकाने असतात आणि मॅनेजरची सगळी धडपड दुसरा रकाना रिकामा ठेवण्यासाठी चाललेली असते. गुरुवारी 11 माणसं कोलाडला नेली तर 11 माणसांचं एका दिवसाचं बिलिंग बुडतं. शनिवारी नेली तर काहीच बुडत नाही. म्हणजे बुडतं, पण ते कंपनीच्या वहीत दिसत नाही.

ते दिसावं म्हणून मी त्या सहलीचा हिशेब नंतर मांडला. पहाटे साडेचारला निघालो, परत चांदणी चौकात उतरलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. साडेसतरा तास. 11 जणांचे मिळून 192.5 तास. आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर 24 दिवस होतात. कंपनीने खर्च केले 19,800 रुपये. माझ्या माणसांनी दिले सुट्टीतले 24 दिवस. घरून चांदणी चौकापर्यंत यायचा आणि रात्री परत जायचा वेळ यात धरलेलाच नाही. मग ही सहल कुणी कुणाला दिली? कंपनीच्या मासिकात छापून आलं की व्यवस्थापनाने टीमला दिली.

आणि हे 24 दिवस सगळ्यांकडे सारखे नसतात. केंद्र सरकारने 2019 मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केलं. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांची 97 मिनिटं, असं त्यातून समोर आलं. हा आकडा मला कुठल्याही एचआरच्या सादरीकरणात कधी दिसलेला नाही. माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीचा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता. शनिवारी ती आठवड्याचा बाजार करायची, भाज्या निवडून डबे भरायची, सासऱ्यांना फिजिओथेरपीला न्यायची. तिच्यासाठी पहाटे चारला घर सोडायचं म्हणजे शुक्रवारी रात्रीच दोन वेळचा स्वयंपाक करून ठेवायचा, आईला कोथरूडहून राहायला बोलवायचं आणि रविवार मागे राहिलेल्या कामांत घालवायचा. तरी ती आली. बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून मुळशीपर्यंत झोपली. अंताक्षरी सुरू झाली तेव्हा कुणीतरी तिला हलवून उठवलं, "काय गं, बोअर करतेस!" ती उठली आणि हसत गायला लागली.

ती का आली? मेलमध्ये तर "पार्टिसिपेशन इज ऑप्शनल" लिहिलेलं होतं. ऑप्शनल या शब्दाचा ऑफिसमधला अर्थ ऑफिसात वावरणाऱ्याला बरोबर कळतो. मेलखाली एक शीट जोडलेली असते. तिच्यात येणार की नाही हे लिहायचं आणि नाही म्हटलं की शेजारच्या रकान्यात कारण भरायचं. ते सगळ्यांना दिसतं. मग कुणी "घरी पूजा आहे" लिहितं, कुणी "गावी जायचंय" लिहितं. "मला शनिवारी झोपायचं आहे" हे कुणी लिहीत नाही, खरं तर कारण म्हणून ते पुरेसं आहे. मार्चमध्ये अप्रेझलला बसलं की "टीम प्लेअर" नावाचा एक मुद्दा येतो आणि मॅनेजरच्या डोळ्यांपुढे कोलाडचे फोटो असतात. मी स्वतः हे केलं आहे. दोन सारख्या कामाच्या मुलांत कुणाला वरचं रेटिंग द्यायचं हे ठरवताना, जो सहलीत सोबत होता त्याच्याकडे माझं मन झुकलं. त्याची माणूस म्हणून ओळख झाली होती, दुसऱ्याची झाली नव्हती. यात मुद्दाम केलेला अन्याय काही नव्हता. पण दुसऱ्या मुलाचे वर्षाचे पैसे कमी झाले ते झालेच.

फ्रान्समध्ये असंच एक प्रकरण तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेलं होतं. एका सल्लागार कंपनीने 2015 मध्ये एका कर्मचाऱ्याला काढलं. तो कंपनीच्या "मजेच्या" संस्कृतीत सामील होत नाही, कामानंतरच्या दारूच्या बैठकांना आणि टीम बिल्डिंगला येत नाही, हाही त्याच्यावर ठेवलेला ठपका होता. नोव्हेंबर 2022 मध्ये न्यायालयाने सांगितलं की तसं न वागणं हा त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, त्यासाठी नोकरीवरून काढता येणार नाही. आपल्याकडे असा निकाल यावा म्हणून कुणी कोर्टात जाईल असं मला वाटत नाही. आपण कारण भरतो, नाहीतर जातो.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट विचारात घ्यावी. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला सलग किमान 24 तासांची सुट्टी आहे. पाच दिवसांच्या आठवड्यात शनिवारी सहल काढली तरी रविवार उरतो, त्यामुळे नियम मोडला असं म्हणता येत नाही. पण 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा पाहा. कामाच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जातो ती जागा आणि तिथे जाण्यासाठी मालकाने दिलेलं वाहन, हे दोन्ही त्या कायद्याच्या व्याख्येत "कामाची जागा" आहे. म्हणूनच सहलीआधी एचआर आम्हाला मेल पाठवते की बसमध्ये आणि रिसॉर्टवरही कंपनीची आचारसंहिता लागू राहील. ते योग्यच आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण मग बस जर कामाची जागा असेल तर बसमध्ये घालवलेले तास कामाचे का नाहीत? जबाबदारी लागू होताना ती सहल ऑफिस असते आणि तास मोजताना ती मौजमजा होते. या दोन्हींपैकी एक काहीतरी ठरवावं.

यावर लोक म्हणतात, वर्षातून एकदा तर जायचं, एवढं काय त्यात. माझ्या ओळखीत तरी ते एकदा राहत नाही. पावसाळ्यात लोणावळा किंवा कोलाड, डिसेंबरात रिसॉर्ट, मध्येच क्रिकेटची स्पर्धा, कुणी ऑनसाइटहून, म्हणजे क्लायंटच्या ऑफिसातून आलं की डिनर. आणि खरंच वर्षातून एकच दिवस असेल तर कंपनीने तो आपल्या वर्षातला द्यायला अडचण काय आहे? एका दिवसाचं बिलिंग हा क्लायंटबरोबरच्या करारात सहज बसणारा खर्च आहे. क्लायंटचे स्वतःचे लोकही त्यांच्या कामाच्या दिवशी अशा कार्यक्रमांना जातात. त्या दिवशी त्यांचे "आऊट ऑफ ऑफिस" मेल आपल्याला येतात आणि आपण निमूटपणे मीटिंग पुढे ढकलतो.

आता सहलीने टीम घडते का, या प्रश्नाकडे येते. गूगलने 2012 पासून काही वर्षं आपल्याच 180 टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीम कशाने चांगल्या होतात हे त्यांना शोधायचं होतं. ऑफिसबाहेर हे लोक एकमेकांना किती भेटतात हेही त्यांनी तपासलं आणि त्यातून ठोस असं काही हाती लागलं नाही. सगळ्यात महत्त्वाची ठरली ती एकच गोष्ट: इथे मी चूक कबूल केली, वेडगळ प्रश्न विचारला तर माझा पाणउतारा होणार नाही, ही खात्री. एमी एडमंडसन या हार्वर्डच्या प्राध्यापिकेने 1999 मध्येच ही कल्पना टीमच्या संदर्भात मांडली होती.

ही खात्री कशी दिसते याचं माझ्या मनात कायम राहिलेलं उदाहरण गिटलॅबचं आहे. या सॉफ्टवेअर कंपनीची माणसं जगभर आपापल्या घरून काम करतात. 31 जानेवारी 2017 च्या रात्री तिथल्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड चालवली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नव्हती. शेवटी कामी आली ती त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी हाताने काढून ठेवलेली प्रत. मधल्या सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने झालेलं सगळं जाहीर लिहिलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि त्या इंजिनिअरचा उल्लेख "टीम-मेंबर-1" एवढाच केला. त्याला कामावरून काढलं नाही. बॅकअप चालत नाही हे कुणालाच कळणार नाही अशी व्यवस्था का होती, यावर त्यांनी आपला अहवाल खर्च केला.

आपल्याकडची अशी रात्र आठवा. पावणेदोन वाजलेत, प्रॉडक्शन, म्हणजे क्लायंटची चालू सिस्टीम, बंद आहे, ब्रिज कॉलवर, म्हणजे सगळ्यांना जोडलेल्या फोनवर, तीस माणसं आहेत. वरून पहिला प्रश्न येतो, "हे कोणी केलं?" मी नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्या प्रश्नासमोर बसले होते. चूक माझी होती आणि मला ती माहीत होती. मी वीस मिनिटं गप्प राहिले. मी तेव्हाच बोलले असते तर ती वीस मिनिटं वाचली असती. त्याच लोकांबरोबर महिन्यापूर्वी मी महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी क्रीम खाल्लं होतं, एकत्र गाणी म्हटली होती. त्यातलं काहीही त्या रात्री उपयोगी पडलं नाही, कारण सहलीत आमच्यात जे झालं होतं ते फक्त ओळखीपर्यंत होतं, विश्वासापर्यंत नव्हतं. विश्वास तयार होतो तो मंगळवारी एकमेकांचा कोड तपासतो त्या कोड रिव्ह्यूत, रोज सकाळच्या छोट्या बैठकीत, म्हणजे स्टँडअपला, "माझं झालं नाही" म्हटल्यावर समोरून काय उत्तर येतं त्यात, मूल आजारी असताना सुट्टी मागितल्यावर मॅनेजरच्या चेहऱ्यावर काय उमटतं त्यात.

कामाच्या ठिकाणची संस्कृती म्हटलं की मला माझे बाबा आठवतात. ते भोसरीच्या एका कारखान्यात होते. महाराष्ट्रात 1953 च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ स्थापन झालं. त्याची कामगार कल्याण केंद्रं आहेत, ललित कला भवनं आहेत आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा आहेत. बाबा दोन वर्षं त्या स्पर्धेत होते. पहिली पाळी सुटली की केंद्रावर तालीम असायची. नाटक बसवणारा गडी टर्नर होता आणि बाबांचा सुपरवायझर त्यात नोकराच्या भूमिकेत होता. टर्नर त्याला ओरडायचा, "साहेब, ट्रे डाव्या हातात!" आणि सुपरवायझर मुकाट्याने ट्रे डाव्या हातात घ्यायचा. बाबांची संवादांची वही अजून घरी आहे, कोपऱ्यांना ऑइलचे डाग असलेली. तिथेही वेळ स्वतःचाच जायचा, मला मान्य आहे. पण नाटक त्यांनी निवडलेलं होतं, माणसं त्यांनी जमवलेली होती आणि तालमीला न येणाऱ्याचं नाव कुठल्या शीटवर चढत नव्हतं. जून-डिसेंबरच्या पगारपत्रकात कामगार कल्याण निधीची छोटीशी कपात असते, ती याच मंडळाकडे जाते. आयटीतल्या कितीतरी जणांची ती दरवर्षी कापली जाते आणि ते केंद्राचं दारही पाहत नाहीत. हे मला फार वाईट वाटतं.

कंत्राटी मुलांबद्दल एचआर जे उत्तर देते ते मी अनेकदा ऐकलं आहे. त्यांना आपल्या कार्यक्रमांत घेतलं तर उद्या ते आपणच त्यांचे मालक असल्याचा दावा करतील. कंत्राटी कामगारांसाठी कायदा आहे (आधी 1970 चा, नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवी श्रमसंहिता), कोर्ट मालक कोण हे बघताना देखरेख आणि नियंत्रण कुणाचं आहे हे पाहतं, त्यामुळे कंपनीची भीती अगदीच निराधार नाही. पण ती मुलं रोज सकाळी आमच्या स्टँडअपला असतात, आमचा लॅपटॉप वापरतात, रजा मला विचारून घेतात, रात्री जॉब फेल झाला की मलाच फोन करतात. हे सगळं चालतं आणि त्यांच्या पानात एक भाकरी वाढली की कायदा आडवा येतो, हे मला पटत नाही. त्यांना वगळून काढलेल्या फोटोवर "टीम" हा शब्द लिहू नये, एवढं तरी आपण पाळू शकतो.

खानदेशातला तो मुलगा 2019 मध्ये दुसरीकडे गेला. त्याला कोलाडला न्यायचं राहून गेलं.

2023 च्या ऑगस्टमध्ये माझ्याकडे पुन्हा टीम होती, नवी, 16 जणांची, त्यातले चौघं थर्ड पार्टीवर. आम्ही गुरुवार ठरवला. क्लायंटला तीन आठवडे आधी कळवलं, त्यांनी एका ओळीत "एन्जॉय" उत्तर दिलं. सकाळी अकराला निघायचं, पाचला परत, जागा मुळशीच्या अलीकडचीच. येणार की नाही एवढंच मला एकट्याला कळवायचं, कारणाचा रकाना काढून टाकला. दोघं आले नाहीत. का आले नाहीत ते मला आजही माहीत नाही. टाइमशीटमध्ये सगळ्यांनी सहा तास "टीम डे" म्हणून भरले, चौघांनीही. महिनाअखेरीला त्यांच्या एजन्सीचं बिल आलं, त्यात चार माणसांचे मिळून 24 तास वेगळे दाखवलेले होते. फायनान्सवरून फोन आला, हे कसले तास आहेत, हे द्यायचे का? मी म्हटलं, द्यायचे. त्यांनी बिल सहीसाठी पाठवलं आणि मी सही केली.